माणसं खराब माल लपवतात तेव्हा: मशीन शॉपच्या नव्या इन-चार्जला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. याच मशीन शॉपमधे प्रोसेस इंजिनिअर होतो, आता सेक्शन माझ्या हातात आलाय. तीन शिफ्ट मिळून चाळीसेक माणसं, निम्मी कायम, निम्मी कॉन्ट्रॅक्टवर. समोर सगळे "हो साहेब" म्हणतात आणि मागे आपलंच खरं करतात, खराब माल लपवतात, कस्टमरची कंप्लेंट आली की मगच आम्हाला कळतं. प्लांट हेड म्हणतात तीन महिन्यांत कल्चर बदलून दाखव. सुरुवात कुठून करू, आणि सगळ्यांना एकदा बाहेर जेवायला नेलं तर उपयोग होईल का?

जेवणाचं शेवटी सांगतो. तीन महिन्यांचं आत्ता डोक्यातून काढा, त्यावर प्लांट हेडशी कसं बोलायचं तेही पुढे येईल.

माझं सगळं आयुष्य मशीन शॉपमधे गेलं, आधी भोसरी मग चाकण, आणि त्यातून एकच गोष्ट पक्की कळली की शॉपवर जी सवय आपल्याला वाईट दिसते ती कधीतरी कुणीतरी एखाद्या अडचणीतून काढलेली वाट असते. माणूस मुळात लबाड म्हणून लपवत नाही, लपवल्यावर त्याचं काहीतरी भलं झालंय किंवा न लपवल्यावर वाईट झालंय, म्हणून लपवतो. ती अडचण तशीच ठेवून तुम्ही सवयीवर कितीही भाषणं द्या, बोर्ड लावा, शपथा घ्या, काही होत नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे बदलायचं काहीच नाही, फक्त शोधायचं की इथली प्रत्येक सवय कुठल्या अडचणीतून आली.

एक उदाहरण नीट सांगतो. एका कंपनीत (नाव नको) मी सेक्शन घेतला तेव्हा पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं की इथली थर्ड शिफ्ट म्हणजे वाया गेलेली माणसं. पुरावा काय, तर बोअरचा, म्हणजे पीसमधल्या गोल भोकाचा, साईझ रात्रीच सरकतो, सकाळी फर्स्ट शिफ्टला माल एअर गेजवर (हवेच्या दाबावर भोक मोजणारं यंत्र) लावला की ओळीने पीस मापाबाहेर. दुसरी तक्रार, टिपा, म्हणजे धातू कापणारी छोटी बदलायची पाती, चोरीला जातात. टर्निंगच्या टिपांचा महिन्याचा हिशोब कधी लागायचाच नाही. त्यावर आधीच्या साहेबांनी उपाय केला होता, टूल स्टोअरला कुलूप, जुनी टिप जमा केल्याशिवाय नवी मिळणार नाही आणि स्लिपवर शिफ्ट इन-चार्जची सही पाहिजे. कागदावर एकदम बरोबर, ऑडिटवाला खूश. फक्त स्टोअरवाला फर्स्ट आणि सेकंडलाच असायचा. थर्डला किल्ली सिक्युरिटी गेटवर, गेट शॉपपासून लांब, आणि दोन शेड मिळून इन-चार्ज एकच, तो नेमका पाहिजे तेव्हा दुसऱ्या शेडमधे.

आता रात्री अडीचला टिपचा कॉर्नर बसला, म्हणजे कापणारी धार गेली, तर ऑपरेटरने काय करायचं ते तुम्हीच सांगा. इन-चार्जला शोधा, सही घ्या, गेटवर जा, किल्ली आणा, कुलूप उघडा, टिप घ्या, परत किल्ली देऊन या, आणि तोवर मशीन उभं. सकाळच्या मीटिंगमधे कोणी विचारत नाही की टिप आणायला किती पायपीट केलीस, विचारतात मशीन का उभं होतं. मग माणसं करायची काय, तर दिवसा जमेल तशी एखादी टिप जास्तीची काढून लॉकरमधे, डब्याच्या पिशवीत, कोणी इलेक्ट्रिकल पॅनलवर कागदात गुंडाळून ठेवून द्यायची. ज्याच्याकडे साठा आहे त्याची रात्र बरी जायची, ज्याच्याकडे नाही तो बसलेल्या कॉर्नरवरच ऑफसेट (मशीनमधे भरायची मापाची दुरुस्ती) देत देत सकाळ गाठायचा, आणि तेच पीस सकाळी एअर गेजवर बाहेर जायचे. म्हणजे ऑफिसमधे ज्याला एकीकडे चोरी म्हणत होते आणि दुसरीकडे निष्काळजीपणा म्हणत होते ते एकाच कुलपातून आलेलं होतं. मला हे कोणी मीटिंगमधे नाही सांगितलं, सलग थर्ड शिफ्टला जाऊन मशीनच्या मागे उभा राहिलो तेव्हा एका रात्री ऑपरेटरने माझ्यासमोरच चपलेच्या कप्प्यातून टिप काढली आणि मग माझ्याकडे बघून हसला, तेव्हा कळलं.

उपाय सोपा होता, प्रत्येक मशीनजवळ पारदर्शक डबा, त्यात शिफ्टला लागतील तेवढ्या मोजून टिपा, शेजारी बोर्डवर कोणत्या पीसला कॉर्नर बदलला ते ऑपरेटरने लिहायचं. सही बंद. पण गंमत पुढे आहे. पहिले काही आठवडे टिपांचा खप कमी व्हायच्या ऐवजी वाढला. अकाउंट्सवाले बोंबलायला लागले की साहेब तुम्ही तर दरवाजाच उघडून दिलात. कारण उघड होतं, माणसांना वाटत होतं हे लाड चार दिवसांचे आहेत, कुलूप परत येणार, तोवर साठा करून घ्या. तेव्हा जर मी घाबरून सही परत चालू केली असती तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं आणि पुढची पाच वर्षं माझ्या कुठल्याच गोष्टीवर कोणी विश्वास ठेवला नसता. नाही केली. मग हळूहळू खप खाली आला, आणि एका शनिवारी साफसफाईनंतर एका डब्यात मूठभर जास्तीच्या टिपा सापडल्या, वापरायच्या राहिलेल्या, कोणी टाकल्या कळलं नाही. मी विचारलंही नाही, शिफ्ट इन-चार्जलाही सांगितलं की चौकशी करायची नाही.

तर आता तुमच्या शॉपवर बघायचं कुठे. थर्ड शिफ्टला जा हे आलंच, आणि सांगून जाऊ नका पण पकडायलाही जाऊ नका, चहाच्या वेळेला जा, बसा. शिफ्ट बदलताना दहा-पंधरा मिनिटं दोन्ही ऑपरेटर मशीनवर काय बोलतात ते ऐका, रजिस्टरमधे काय लिहितात आणि तोंडी काय सांगतात यात जेवढा फरक तेवढं तुमच्या शॉपवर लपवणं. कॅन्टीनमधे कॉन्ट्रॅक्टची पोरं वेगळी बसतात का बघा. मशीन अडलं की ऑपरेटर पहिला फोन कोणाला करतो बघा, चार्टवर कोणाचं नाव आहे ते सोडा, खरा फोन ज्याला जातो तो तुमच्या सेक्शनचा खरा लीडर आहे, आणि तो तुमच्या बाजूने नसेल तर तुमचं काही चालणार नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा होते तेव्हा नारळ कोणाच्या हातात देतात तेही बघा, ऑफिसच्या माणसाच्या की मशीनवर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या माणसाच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवीन ट्रेनी येतो त्याला पहिल्या दिवशी जुना माणूस बाजूला घेऊन काय सांगतो ते कसंही करून मिळवा. "इथे जास्त विचारायचं नाही, गप पीस काढायचे" हे जर सांगितलं जात असेल तर तेच तुमचं कल्चर, बाकी इंडक्शनच्या पीपीटीत काय आहे ते एचआरला वाचू द्या. हे ट्रेनीकडून लगेच कळत नाही, दोन-तीन महिने झालेल्या पोराला सहज विचारा की सुरुवातीला कोणी कसं सांभाळून घेतलं, बोलतो तो.

आता बदलाकडे येतो, आणि इथे मला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कार प्लांटची गोष्ट सांगायलाच हवी, कारण माणसंच खराब आहेत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी याच्याइतकं चांगलं उत्तर मला माहीत नाही. तो जनरल मोटर्सचा प्लांट होता, गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास, न सांगता होणारे संप, युनियनच्या तक्रारींचा ढीग, क्वालिटी बेक्कार. १९८२ मधे कंपनीने बंद करून टाकला. मग जीएम आणि टोयोटा यांनी भागीदारीत तोच प्लांट न्यूमी नावाने १९८४ मधे परत चालू केला. युनियन तीच, यूएडब्ल्यू, म्हणजे अमेरिकेतल्या गाडी कामगारांची युनियन, आणि घेतलेल्यांत बहुसंख्य तेच जुने कामगार, ज्यांना जीएमने वाया गेलेले म्हटलं होतं. थोड्याच काळात गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्यांची क्वालिटी टोयोटाच्या जपानमधल्या प्लांटच्या तोडीची झाली.

लोक ही गोष्ट सांगताना अँडनच्या दोरीवर थांबतात, म्हणजे कुठल्याही कामगाराला दोरी ओढून लाईन थांबवायचा अधिकार दिला आणि जादू झाली. पण ती दोरी चालते कशी ते बघा. ओढली की लाईन लगेच थांबत नाही. दिवा लागतो, धून वाजते, आणि टीम लीडर धावत त्या माणसाकडे येतो. गाडी त्या स्टेशनच्या ठरलेल्या रेघेपर्यंत पोचायच्या आत दोघांनी मिळून प्रॉब्लेम सोडवला तर दोरी परत ओढून सोडतात, लाईन थांबतच नाही. नाही सुटला तरच थांबते. आणि तो टीम लीडर धावत येऊ शकतो कारण त्याच्याकडे पाच-सात माणसंच असतात आणि त्याला स्वतःचं बांधलेलं स्टेशन नसतं. म्हणजे दोरी ही नुसती दोरी आहे, खरी गोष्ट ही की हाक मारली तर काही सेकंदांत कोणीतरी येतं, येऊन ओरडत नाही, मदत करतं. हे दिवसातून कितीतरी वेळा होत राहिलं की माणसाचं मत आपोआप बदलतं, त्याला वेगळं पटवायला लागत नाही. सुरुवातीच्या टीम लीडर लोकांना टोयोटाने जपानमधे ताकाओकाच्या प्लांटला पाठवलं होतं तेही वर्गात बसवायला नाही, लाईनवर शेजारी उभं राहून काम करायला.

आणि दुसरी गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. युनियनबरोबरच्या करारात नोकऱ्या सांभाळायचा शब्द होता, सहजासहजी ले-ऑफ नाही. १९८८ च्या सुमाराला त्यांची गाडी खपेना, प्लांट क्षमतेच्या बराच खाली चालत होता, तरी माणसं घरी पाठवली नाहीत, ट्रेनिंगला आणि सुधारणांच्या कामाला लावली. तोपर्यंत ज्यांचा अर्धवट विश्वास होता त्यांचा तेव्हा बसला असणार असं माझं मत. पुढे जीएमने कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नायजच्या आपल्या प्लांटमधे हीच पद्धत न्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, १९९२ मधे तो प्लांटच बंद झाला. दिवे, दोऱ्या, टीम ही नावं उचलून नेता येतात, पण मॅनेजर जर गाड्यांच्या आकड्यावरच मोजला जात असेल तर तो लाईन थांबवू देत नाही, आणि ते कामगाराला पहिल्या आठवड्यात कळतं.

तुमच्याकडे टोयोटा नाही, पाच माणसांमागे एक लीडरही मिळणार नाही, मान्य. पण हाक मारल्यावर काय होतं एवढं मात्र तुमच्या हातात आहे. मी एवढंच धरून चाललो. शिफ्ट इन-चार्जना सांगितलं की मशीन थांबवून कोणी बोलावलं तर हातातलं सोडून जायचं, आणि पहिलं वाक्य "काय दिसलं?" हेच, "काय केलंस?" हे नाही. हसू नका, या दोन वाक्यांत सगळा फरक आहे.

याची परीक्षा लवकरच आली. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, सगळं शॉप त्यांना मामा म्हणायचं, बोलायला तिखट, हाताला एक नंबर. डिस्पॅचची गाडी दारात लागलेली, कस्टमरचे फोनवर फोन, आणि मामांनी मशीन थांबवलं, म्हणे प्लग गेज (भोकात घालून माप बघायचा दांडा) जात नाहीये, बोअर लहान येतोय. मी गेलो, क्वालिटीवाला आला, स्टँडर्डरूममधून दुसरं गेज आणलं, लावलं तर सरळ आत. पीस बरोबर होते. मामांचं गेज कुलंटच्या ट्रेमधे पडून पडून त्यावर चिकट थर बसला होता. डिस्पॅचवाला सगळ्यांसमोर म्हणाला, मामा, चष्मा बदला. दोन-तीन पोरं हसली. मामांचा चेहरा पडला, आणि सगळ्यांची नजर माझ्याकडे, कारण गाडी खरोखरच फुकट थांबली होती. आता इथे जर मी नुसतं हसलो असतो ना, चिडायचंसुद्धा कारण नव्हतं, तरी पुढचे सहा महिने कोणी मशीन थांबवलं नसतं. मी मोठ्याने एवढंच म्हटलं, "मामा, शंका आली तर असंच थांबवायचं, गाडीचं मी बघतो," आणि मग गेज कुठे ठेवता ते बघायला गेलो. ठेवायला जागाच नव्हती. त्याच दिवशी टूलरूममधून प्रत्येक मशीनला गेजसाठी लाकडी स्टँड करून घेतला. टाळ्या नाहीत, शाब्बासकीचं सर्टिफिकेट नाही, त्याचं नाटक होतं आणि माणसांना नाटक लगेच कळतं. पण त्यानंतर पोरं आपणहून बोलवायला लागली, बऱ्याचदा उगीचच बोलवायची, जायचो.

खरा प्रॉब्लेम पकडणाऱ्याचं कौतुक कोणीही करतो हो. चुकीच्या शंकेने मशीन थांबवणाऱ्याशी तुम्ही कसे वागता ते बघून बाकीचे ठरवतात.

सकाळची मीटिंग हा दुसरा भाग. आमच्याकडे साडेनऊला रिजेक्शनचा आकडा वाचला जायचा आणि लगेच, "कोणाची शिफ्ट?" मग काय होणार, कोणीच पूर्ण आकडा देत नसे. थोडा माल होल्डमधे (निर्णय बाकी म्हणून बाजूला), थोडा रीवर्कच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, नावाखाली, मशीनमागे लाल बिनमधे, आणि महिनाअखेर एकदम डोंगर. मी माझ्या सेक्शनपुरता प्रश्न बदलला, पहिला खराब पीस कुठे लक्षात आला? मशीनवर, फायनल तपासणीला, की कस्टमरकडे? याचा एक साधा तक्ता ठेवला. मशीनवर पकडला तर ती चांगली बातमी, फायनलला पकडला तर बरी, कस्टमरकडे गेला तर वाईट, आणि ही भाषा सगळ्यांना पटकन कळली कारण त्यात कोणाचं नावच नाही.

आता तुमच्या प्लांट हेडचं. असं केलं की सुरुवातीला तुमचं रिजेक्शन वाढलेलं दिसणार. वाढलेलं नसतं, आधी पुरलेलं वर आलेलं असतं, पण रिपोर्टवर वाढलेलंच दिसतं आणि वरचा माणूस म्हणतो, याला सेक्शन दिला आणि सत्यानाश झाला. कितीतरी चांगले लोक मी इथेच कापले गेलेले बघितलेत. म्हणून सुरू करायच्या आधी त्यांच्याकडे जा आणि सांगा की सर, पुढचे दोन-तीन महिने आतला आकडा वर जाईल, तुम्ही तो बघू नका, कस्टमरकडून परत येणारा माल आणि कुठे पकडला त्याचा तक्ता बघा. लेखी द्या, मेलवर. तीन महिन्यांत दाखवण्यासारखं काही असेल तर ते हेच की पकडण्याची जागा मशीनकडे सरकली. कल्चर बदललं वगैरे म्हणू नका, ते तीन महिन्यांत होत नाही आणि तुम्ही म्हणालात तर तुम्हालाच अडकवतील. आणि तुम्हाला मीटिंगमधे कोणी झापलं तर ते खाली नेऊ नका. मला माहितेय सांगायला सोपं आहे, पण प्लांट हेडने ओरडल्यावर तुम्ही शॉपवर येऊन कसे चालता याकडेही चाळीस माणसं बघत असतात, दार जोरात आपटलं तरी पुरतं.

कॉन्ट्रॅक्टच्या पोरांचा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड. कायम माणूस चूक सांगून फार तर बोलणी खाईल, कॉन्ट्रॅक्टवाल्याचं गेट बंद होतं. नांदेड, यवतमाळ, बिहार, ओडिशा, कुठून कुठून आलेली पोरं, चार-चारजण एका खोलीत राहतात, घरी पैसे पाठवतात, त्याला तुम्ही म्हणणार मोकळेपणाने बोल? तो का बोलेल. इथे भाषणाने काहीही होत नाही. कॉन्ट्रॅक्टरशी आणि एचआरशी बसून एक गोष्ट पक्की करून घ्या, जो स्वतःहून सांगेल त्याचं त्या कारणाने गेट बंद होणार नाही, आणि एकदा जरी कोणाचं झालं तर तुम्ही जाऊन भांडा, सगळ्यांना दिसेल असं. ब्रेक (ठरावीक महिन्यांनी कामावरून थांबवणं), पगार, पर्मनंट करणं हे तुमच्या हातात नाही, त्याची खोटी आश्वासनं देऊ नका. "आपण सगळे एक कुटुंब" हे वाक्य तर चुकूनही नको, सात महिन्यांनी ब्रेक देणाऱ्या कुटुंबात कोणी राहत नाही आणि ती पोरं खोलीवर जाऊन यावरच हसतात. त्यापेक्षा नावाने हाक मारा, सेफ्टी शूज कायम माणसाला मिळतात त्याच दर्जाचे द्यायला लावा, कॅन्टीनमधे जाऊन त्यांच्या टेबलावर बसा.

म्हणजे सगळं गोड गोड का, तर नाही. दोन गोष्टींवर मी कधीच ऐकून घेतलं नाही. एक, चूक चालेल, लपवलेली चालणार नाही, आणि लपवणारा माझा कितीही लाडका असला तरी वॉर्निंग लेटर. फक्त हे लगेच चालू करता येत नाही बरं का, आधी सांगणाऱ्याला काही होत नाही हे काही महिने दिसू द्या, मगच लपवणाऱ्याला धरायचा हक्क तुम्हाला मिळतो. दुसरी, मशीनच्या दाराचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय. सायकल टाईम (एका पीसला लागणारा वेळ) वाचवायला पोरं तो बायपास करतात, सगळीकडे करतात, आणि टार्गेट पूर्ण होतंय म्हणून साहेब लोक बघून न बघितल्यासारखं करतात. तुम्ही पुढे गेलात की मागे तो ऑपरेटर शेजारच्याला म्हणतो, बघ, काही बोलले नाहीत. त्यानंतर सेफ्टी वीकला तुम्ही कितीही बॅज लावा. तिथल्या तिथे मशीन बंद करा, इंटरलॉक जोडून घ्या, गेलेले पीस जाऊ द्या, आणि मग सायकल टाईमचं टार्गेट कोणी आणि कसं काढलं ते बघा, बऱ्याचदा गडबड तिथेच असते.

एक शेवटचा माणूस राहिला, तुमच्या शॉपवर तो असणारच. हुशार सेटर, म्हणजे मशीन कामासाठी जुळवून देणारा, ज्याच्याशिवाय पान हलत नाही, ज्याचे ऑफसेट आणि प्रोग्रॅममधले बारीक बदल त्याच्या स्वतःच्या डायरीत, आणि जो नवीन पोराला सगळ्यांसमोर "आयटीआयला काय झोपायला गेला होतास का" म्हणतो. त्याच्या डायरीमागेही कारण असतं, आजवर त्याची किंमत त्या डायरीमुळेच राहिली, ओव्हरटाईम आणि रात्रीचे फोन त्यावरच. आमच्याकडच्या एकाला मी सेटिंग शिकवायचं काम दिलं, त्याचं ग्रेडमधे मोजमाप करून घेतलं, डायरीतले आकडे मशीनच्या सेटअप शीटवर त्याच्या नावाने चढवले. डायरी उघडली. तोंड मात्र शेवटपर्यंत तसंच राहिलं, कितीदा बोललो, दोनदा लेखीसुद्धा दिलं, आणि एका पोराला रडवल्यावर त्याला लाईनवरून काढून टूलरूमला टाकलं. प्रॉडक्शनला काही दिवस फटका बसला, बसणारच. पण त्याच्यासमोर गप्प बसणारी तीन-चार माणसं त्यानंतर सेटिंग करायला लागली जी आधी हातच लावत नव्हती. सगळी माणसं बदलतात असं मला वाटत नाही, काहींची जागा बदलावी लागते आणि त्यात उशीर केला तर बाकीच्यांना अर्थ कळतो की इथे काम येत असेल तर वाटेल तसं वागायला परवानगी आहे.

आता जेवणाचं. न्या ना, जरूर न्या, पण आत्ता नको. आत्ता नेलंत तर नवीन साहेब गोड बोलून काहीतरी काढून घेणार असंच वाटेल. चार-सहा महिन्यांनी, कस्टमरची एखादी जुनी कंप्लेंट पोरांनीच शोधून कायमची बंद केली की त्या निमित्ताने न्या. कॉन्ट्रॅक्टची पोरं आलीच पाहिजेत, थर्ड शिफ्टवाल्यांना जमेल अशी वेळ धरा, नाहीतर दरवेळी तेच सुटतात. आणि तिथे भाषण करू नका, साहेबांच्या भाषणामुळे मटण गार होतं ही शॉपवरची जुनी तक्रार आहे.